एका खिशात एकच रंग

कितामुरा-सानांची आणि माझी ओळख पोलिसांनी करून दिली. जपानमध्ये, ओजिमातल्या त्या सरकारी वसाहतीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. माझा नवरा निरंजन कावासाकीला ऑफिसला गेलेला, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी, आणि बेल वाजली. दारात गणवेशातला पोलीस. परदेशात दारात पोलीस दिसला की माणसाला न केलेले गुन्हेसुद्धा आठवतात. मला तर चुकीच्या दिवशी टाकलेली प्लॅस्टिकची पिशवीच आठवली. पण त्याला माझ्याबद्दल काही विचारायचं नव्हतं. समोरच्या दारातले गृहस्थ दारू पितात का, आरडाओरडा करतात का, कुणाशी भांडतात का, एवढंच तो वहीत टिपून घेत होता. माझं जपानी तेव्हा एका शब्दावर चालायचं. दाइजोबू. म्हणजे ठीक आहे, चालेल, काळजी नको. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला मी दाइजोबू म्हटलं. तो कमरेत वाकला आणि गेला.

संध्याकाळी ते गृहस्थ स्वतःच दारात उभे. सत्तरीचे, किडकिडीत, पाठ ताठ, अंगात राखाडी बंडी आणि तिला मोजून सात खिसे. आभार मानायला आले असणार, म्हणून मी चहाचं आधण मनातल्या मनात ठेवलंसुद्धा. त्यांनी मात्र लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून माझी हजेरी घेतली.

"मोघे-सान, तुम्ही मला ओळखत नाही."

"नाही," मी म्हटलं.

"मग मी ठीक आहे असं का सांगितलंत? माझ्या घरात दोन बंदुका आहेत. पोलीस गोड ऐकायला येत नाही. ओळखत नसाल तर ओळखत नाही म्हणावं."

जपानमध्ये बंदुकीचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्या वेळी शेजारीपाजारी चौकशी होते, हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी कळलं ते एवढंच, की आपण ज्याची तरफदारी केली तोच माणूस आपल्यावर चिडलाय. जाताना ते म्हणाले, "दर गुरुवारी दहा वाजता चहा. या. ओळख करून घ्या." आमंत्रण कसलं, शिक्षाच होती ती. पण मी गेले, आणि पुढची सहा वर्षं जात राहिले.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर एका लहानशा कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रावर काम केलेलं, तरी हाताची दहाही बोटं शाबूत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बंदुकांचं कपाट कुठे आहे, काडतुसांचं कुठे, याची त्यांनी मला सहा वर्षांत ताकास तूर लागू दिली नाही. खिडकीपाशी एक जुनं शिलाईचं मशीन होतं. त्यावर दोन रिकामी काडतुसं उभी असायची, एक लाल आणि एक पिवळं. लालमध्ये सुया, पिवळ्यात बटणं. घरात बंदुकीची म्हणून दिसणारी वस्तू तेवढीच.

त्या सात खिशांचं शास्त्र होतं. किल्ली वरच्या डाव्या खिशात, रुमाल वरच्या उजव्या, औषधाची पट्टी आतल्या, चष्मा आणखी कुठल्यातरी. किल्लीबरोबर कधी रुमाल गेला नाही की रुमालाबरोबर साधी सेनबेई, म्हणजे तांदळाची कुरकुरीत चकती, गेली नाही. "एका खिशात एकच," हे त्यांचं ब्रीद. माझी कचऱ्याची पिशवी त्यांनी एकदा जिन्याखाली उघडून सगळी पुन्हा लावली होती. बाटलीचं झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा, बाटली वेगळी. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर मी लिफ्ट सोडून जिन्यानेच जात होते. पुढे मलाही ती सवय लागली. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. माझ्या पर्समध्ये आता लिपस्टिकला स्वतंत्र कप्पा आहे, आणि निरंजन तिला कितामुरा पर्स म्हणतो.

बंदुकांबद्दल ते एरवी बोलत नसत, पण एका गुरुवारी मीच विचारलं की दोन कशाला लागतात. त्यांनी सुया आणि बटणं वेगवेगळ्या बशांत ओतली आणि दोन्ही काडतुसं माझ्यापुढे ठेवली. लाल जाड, पिवळं बारीक. लाल बारा बोअरचं, पिवळं वीस बोअरचं. मी म्हटलं, "उलटं सांगताय. वीस मोठं असायला हवं." ते म्हणाले, एक पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या बारा गोळ्या झाल्या तर ती नळी बारा, वीस झाल्या तर वीस. मला ते समजायला क्षणभर लागला. मग मी म्हटलं, "म्हणजे तेवढ्याच बेसनाचे बारा लाडू वळले तर मोठे होतात, वीस वळले तर लहान." लाडू काय ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी करून नेले, मुद्दाम बारा मोठे आणि वीस लहान. त्यांनी एक मोठा उचलून हातात तोलला, एक लहान तोलला, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यानंतर आमच्यात बारा बोअरला मोठा लाडू आणि वीस बोअरला लहान लाडू म्हणायची पद्धत पडली.

"मातीला बारा, जिवाला वीस," असं ते म्हणत. मातीची नारिंगी चकती यंत्रातून उडते, ती फोडायची तर बारा बोअर बरी. छर्रे जास्त, फवारा भरगच्च, आणि बंदूक जड असल्याने शंभर बार काढले तरी खांदा टिकतो. पक्ष्यामागे मात्र दिवसभर डोंगर चढायचा असतो आणि बार काढायचा असतो दोन किंवा तीनदा, तिथे हलकी वीस बोअर. "पण छर्रे कमी म्हटल्यावर पक्षी निसटत असेल," मी म्हटलं. "निसटावा," ते म्हणाले. "वीस घेतली की जवळ जावं लागतं. खात्री करावी लागते. खात्री नसेल तर मारू नये. मातीवर नेम चुकला तर काही बिघडत नाही." किजी नावाचा इथला रानपक्षी ते हिवाळ्यात एखादाच आणत. एकदा त्यांनी एक स्वच्छ करून, कागदात गुंडाळून, वर माझं नाव घालून आमच्या दाराला अडकवला. आमच्याकडे अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजतं. मी ते पुडकं दोन बोटांनी धरून उभी राहिले आणि मग निरंजनने घराबाहेर, ऑफिसातल्या मित्राकडे नेऊन ते खाल्लं. मी कितामुरा-सानांना उत्तम होता म्हणून सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ओळखत नसाल तर ओळखत नाही म्हणावं." त्यानंतर त्यांनी मला फक्त फळं दिली.

मी नोकरीला लागले ते त्याच सुमारास. कावासाकीच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम, गुरुवारी मात्र घरून. तुम्ही नेमकं काय करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, दुसऱ्यांच्या चुका शोधून लिहून काढते.

"अपघात व्हायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"चांगलं काम आहे," ते म्हणाले, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

तो चहा किती महाग पडणार होता ते मला पुढच्या रविवारी कळलं. त्यांनी मला त्यांच्या छोट्या पांढऱ्या व्हॅनमधून नेमबाजीच्या मैदानावर नेलं. कान बंद करूनही आवाज छातीत बसत होता. ते एका रांगेत उभे राहिले, ओरडून चकती मागितली, ती उडाली आणि फुटली, आणि नारिंगी धूळ गवतावर बसली. मला वाटलं होतं की म्हातारा खूश दिसेल. तसा तो दिसला नाही. प्रत्येक काडतूस घालण्याआधी ते बोटांत फिरवून रंग बघत, नळी उघडून आरपार आभाळाकडे बघत, मगच घालत. बाकीचे लोक त्यांच्यासाठी थांबत होते. कुणी काही म्हणत नव्हतं.

परत येताना, पुलावरच्या गर्दीत गाडी अडकली होती तेव्हा, त्यांनी मला शोजींबद्दल सांगितलं. शोजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. शिंपी होता, आणि ते मशीन त्याचं. दोघे पहाटे बदकांच्या शिकारीला एका तळ्याकाठी वेतात बसले होते. भावाकडे बारा बोअर, यांच्याकडे वीस. भावाची काडतुसं संपली. यांनी आदल्या दिवशी मैदानावर बारा बोअर चालवली होती, बंडी तीच होती, खिशात लाल काडतुसं उरली होती. अंधुक उजेडात, हातात मोजे घालून, यांनी खिशातून मूठभर काढून भावाला दिली. त्या मुठीत एक पिवळं होतं.

"लहान लाडू मोठ्या लाडवाच्या नळीत जातो," ते म्हणाले. "आत घसरतो आणि पुढे अडकतो. चाप ओढला तर नुसता खट आवाज. उघडून बघावं तर मागून नळी रिकामी दिसते. माणसाला वाटतं आपण भरलीच नव्हती. मग तो त्यामागे लाल घालतो."

नळी फाटली. शोजींच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि डावा डोळा गेला. पोलिसांना शोजींनी सांगितलं की पिवळं काडतूस माझ्याच खिशात राहिलेलं होतं, भावाचा काही संबंध नाही. बायकोमुलीलाही तेच सांगितलं. थोरल्याचा परवाना जाऊ नये म्हणून. शिंप्याचं दुकान बंद झालं. पुढे अकरा वर्षं तो जगला आणि अकरा वर्षं दोघे भाऊ दर आठवड्याला भेटत होते, पण त्या सकाळबद्दल एकदाही बोलले नाहीत.

"तुम्ही खरं का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आज मला तो प्रश्न विचारल्याची लाज वाटते.

"तो बोलून बसला होता," ते म्हणाले. गाड्या पुढे सरकल्या. पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "मोघे-सान, मी म्हातारा होणार. माझ्या एका खिशात दोन रंग दिसले तर पोलीस येईल तेव्हा त्याला सांगा. मला सांगू नका. माझ्याशी वाद घालाल तर मी जिंकेन."

मी हो हो म्हटलं. आपल्याकडे म्हणतात तसं हो हो, चहाला या म्हटल्यावर म्हणतो तसं. त्यांनी मात्र गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि मला पुन्हा, एकदाच, हो म्हणायला लावलं.

दर वसंतात पोलीस ठाण्यात सगळ्या बंदुकांची तपासणी असे. त्या दिवशी ते कोट घालून, दोन्ही बंदुका खोळीत घालून निघत. अधिकारी नळ्या मोजतो, क्रमांक ताडून पाहतो, आणि शेवटी दोन शब्द म्हणतो, "इजो नाशी." वावगं काही नाही. घरी परतल्यावर ते माझी बेल वाजवत आणि दारातच ताठ उभे राहून त्या अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणत, "इजो नाशी." वर्षातून एक दिवस त्या माणसाचा चेहरा मोकळा असायचा. शोजींनी ज्या परवान्यासाठी खोटं सांगितलं तो अजून जपून ठेवलाय, त्याला डाग लागू दिलेला नाही, असं काहीतरी त्यात असावं. मी त्यांची चेष्टा करायचे. गुरुवारी कप विसळून ठेवला की मीही म्हणायचे, "इजो नाशी," आणि ते कप उचलून खरंच तपासायचे.

पोलीस दुसऱ्यांदा चौकशीला आला तेव्हा मी त्याला अर्धा तास उभा ठेवला. काय सांगू आणि काय नको असं झालं होतं. तिसरी खेप जवळ आली तेव्हा ते शहात्तरचे होते आणि त्या वयात परवान्याआधी स्मरणशक्तीची परीक्षा असते. चित्रं दाखवतात, मग आठवायला सांगतात. सराव मीच घेतला. चार गुरुवार मी त्यांना घड्याळ, बैल, ढोल, टोमॅटो दाखवत बसले. पहिल्या गुरुवारी त्यांना निम्मी आठवली. चौथ्या गुरुवारी बरीच. परीक्षेत ते पास झाले आणि आम्ही लाडू खाल्ले. माझ्या कामात याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. प्रश्न आधी फोडून घेतलेली तपासणी ही तपासणी नव्हेच. पण तेव्हा मी तसा विचार केला नाही, किंवा करायचा नव्हता.

शिकारीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर उघडतो. उघडला त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी कामाला निघाले तेव्हा ते लिफ्टपाशी उभे होते. खांद्यावर बंदुकीची खोळ. नाक पुसायला त्यांनी रुमाल ओढला आणि त्याबरोबर फरशीवर दोन काडतुसं पडली. भरलेली. एक लाल, एक पिवळं. काडतुसं खिशात घालून ते कधी घराबाहेर पडत नसत, कुलपाच्या पेटीतून नेत, आणि आज ती रुमालाच्या खिशात होती. मी वाकून उचलली. तळहातावर दोन्ही धरली. त्यांनी बघितलं. मी वाट पाहिली. वाटलं, आता चेहरा पांढरा पडेल, आता बसतील खाली.

"आज गारठा आहे," ते म्हणाले, आणि दोन्ही उचलून त्याच खिशात घातली.

लिफ्ट आली, ते आत गेले, मी नाही गेले. त्या दिवशी ऑफिसात मी एकही काम धड केलं नाही. दर दहा मिनिटांनी फोन बघत होते, जणू तळ्याकाठून मला कुणी फोन करणार होतं. संध्याकाळी त्यांची व्हॅन खाली दिसली आणि मी स्टेशनावरून आले तशी तिच्यापाशीच उभी राहून रडले. पोलिसांना तेव्हाच फोन करायला हवा होता. नाही केला. बुधवारी नाही, गुरुवारी चहाला गेले तेव्हा नाही, शुक्रवारी नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बंदुका गेल्या तर या माणसाचा रविवार जाणार होता, वसंतातला तो एक दिवस जाणार होता. राहिल्या तर कुठल्यातरी परक्या माणसाची बोटं.

शनिवारी पोलीस आला. या वेळी अगदी कोवळा होता, बूट काढू की नको अशा विचारात दारातच उभा. दारू पितात का? नाही. आरडाओरडा? नाही. "काही वेगळं जाणवलं का?"

स्वयंपाकघरातून निरंजन मराठीत म्हणाला, "अगं, ठीक आहे म्हण आणि मोकळी हो. आपण भलं, आपलं काम भलं. उद्या काही झालं तर आपलं नाव येईल यात."

"काही झालं तर कुणाला रे?" मी विचारलं.

मी सांगितलं. ऑफिसात लिहिते तसंच. काय दिसलं, कधी दिसलं, कुठे उभे होते, कोणत्या खिशात घातलं. पोरगा लिहिता लिहिता थांबला आणि त्याने विचारलं की याचा अर्थ तुम्हाला कसा माहीत. मी म्हटलं, त्यांनीच शिकवला. शोजींचं मात्र मी सांगितलं नाही. तेवढं एक मी ठेवून घेतलं.

दहा दिवसांनी साध्या कपड्यांतले दोघेजण आणि बंदुकांचा दुकानदार आले. पुन्हा परीक्षा द्या, डॉक्टरांना दाखवा, असं त्यांना सांगितलं होतं म्हणे. त्यांनी तसलं काही केलं नाही, आपण होऊन परवाना परत करतो म्हणून सही दिली. बंदुका खाली न्यायला दुकानदाराने हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. दोन्ही खोळी स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. मी दारात उभी होते. लपायला पाहिजे होतं, पण उभी राहिले. ते माझ्यापुढे थांबले. आता शिव्या घालतील, घालू देत, असं मी मनाशी म्हटलं.

"चार दिवस थांबलात," ते म्हणाले. "त्या चार दिवसांत मी आणखी दोनदा जाऊन आलो. बरोबर माणसं होती."

आणि जिन्याने उतरले. लिफ्टमध्ये त्या दुकानदाराबरोबर त्यांना उभं राहायचं नव्हतं.

गुरुवारचा चहा बंद झाला. मी दोनदा बेल वाजवली, दार उघडलं नाही. मग जानेवारीत एकदा लिफ्टमध्ये गाठ पडली, वरच्या मजल्यावरच्या एक बाईही होत्या. कितामुरा-सानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे एकेक करून सातही खिसे उलटे बाहेर काढले. "तपासा, मोघे-सान," ते म्हणाले. अस्तरं बाहेर लोंबत होती. त्या बाई भिंतीकडे बघू लागल्या. माझे कान तापले. मी कसंबसं "दाइजोबू, दाइजोबू," म्हटलं. त्यांनी मान हलवली, हे उत्तर चुकलं अशी, आणि खिसे आत घातले.

त्यानंतर हे दर भेटीला होऊ लागलं. सायकली ठेवायच्या जागी, कचऱ्यापाशी, खालच्या दुकानात दुधाच्या फ्रिजसमोर. मला दिसले की पावलं मंद करावीशी वाटत. रागही यायचा. तुम्हीच वचन घेतलंत, तुम्हीच शिकवलंत, आणि आता चारचौघांत माझी फजिती करता, असं एकदा मी त्यांना मराठीत बोललेसुद्धा. पण उन्हाळा आला तसा त्या उलट्या खिशांमागचा चेहरा बदलला. त्यात टोचणं राहिलं नाही. नुसती घाई राहिली, रांगेत मागे लोक उभे असावेत तशी. एकदा त्यांनी अदबीने विचारलं, "आपण कुठल्या ठाण्याहून आलात?" मी म्हटलं, मी समोरची मोघे. ते वाकले आणि खिसे दाखवत उभे राहिले. मी काहीतरी म्हणावं याची ते वाट पाहत होते. ते काय, हे मला त्या क्षणी कळलं. ते दोन शब्द मला बोलवेनात. आधी वाटायचं की ती माझी थट्टा होईल, आता वाटलं त्यांची होईल. मी पुन्हा दाइजोबू म्हणून निसटले.

बंदुका गेल्यामुळे हे झालं की हे होणारच होतं म्हणून बंदुका जायला हव्या होत्या, हे मला कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर दुसरं म्हणतील. जी बोटं तुटलीच नाहीत ती मोजून दाखवता येत नाहीत. मला दिसत होता तो रविवारी सकाळी बंडी घालून खालच्या बाकावर बसलेला, व्हॅन नसलेला म्हातारा. मी योग्य तेच केलं असं मी स्वतःला रोज सांगते. आणि मला त्याचं रोज वाईट वाटतं.

पुढच्या नोव्हेंबरात, हंगाम उघडायच्या आठवड्यात, त्यांची पुतणी त्यांना न्यायला आली. शोजींची मुलगी, पन्नाशीची, बापासारखे निमुळते हात असलेली. चिबाकडे कुठेतरी वृद्धांसाठी जागा मिळाली होती. सामान दोन पेट्यांचं. मशीन ती स्वतःच्या घरी नेणार होती. मी खाली निरोप द्यायला गेले. गाडीचं दार उघडं होतं. कितामुरा-सान गाडीकडे जाता जाता थांबले, वळले, आणि माझ्यासमोर ताठ उभे राहिले.

"काका हे सगळ्यांपुढे करतात," पुतणी कानकोंडी होऊन म्हणाली. "माफ करा. माझे वडील म्हणायचे, दादाच्या खिशात कधी चूक सापडायची नाही. जी चूक झाली ती माझ्या खिशात झाली."

मी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी खिसे काढायला सुरुवात केली. सहा रिकामे होते. सगळं सातव्यात होतं. किल्ली, सेनबेईचा चुरा, औषधाची अर्धी पट्टी, ओला रुमाल, चष्म्याची एक काडी, बटणं, दोन सुया. आणि मशीनवरची ती रिकामी काडतुसं. पिवळं लालच्या आत सरकवून ठेवलेलं, पुरतं आत, कडेपर्यंत. त्यांनी सगळं दोन्ही ओंजळीत धरून माझ्यापुढे केलं. एक सुई त्यांच्या बोटात रुतली होती आणि त्यांना ते कळत नव्हतं.

मी सुई काढली. प्रत्येक वस्तूकडे नीट बघितलं, अधिकारी बघतो तसं. मग पाठ ताठ केली.

"इजो नाशी," मी म्हटलं.

सहा वर्षांत मला वसंतातल्या त्या एका दिवशी दिसायचा तो चेहरा दिसला. त्यांनी सगळं पुन्हा त्याच खिशात भरलं, कमरेत वाकले, आणि गाडीत जाऊन बसले.